आकडा कसा आला, हे आदेशात लिहिले जावे

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय, मुंबई.

विषय : अपत्यांच्या पोटगीसाठी आई-वडिलांचे उत्पन्न निश्चित करण्याची पद्धत



आई-वडील विभक्त झाल्यानंतर अज्ञान अपत्याच्या पोटगीचा अर्ज न्यायालयापुढे येतो, तेव्हा वादाचे मुद्दे अनेक असले तरी निकाल बहुधा एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो, आणि तो प्रश्न म्हणजे पोटगी ज्याने द्यावयाची त्याचे खरे उत्पन्न किती. मुलाच्या शाळेची फी पावतीवर छापलेली असते, घराचे भाडे करारात लिहिलेले असते, औषधाची किंमत वेष्टनावर वाचता येते. वडिलांचे उत्पन्न मात्र त्यांनी सांगितलेला आकडा आणि आईने आरोप केलेला आकडा यांच्यामध्ये कोठेतरी असते, आणि ते नेमके कोठे आहे हे शोधण्याचे काम न्यायाधीशांच्या वाट्याला येते. हे काम महाराष्ट्र आणि गोव्यातील न्यायालयांत कसे चालते, त्यात कोणते दोष राहिले आहेत आणि ते उच्च न्यायालयाच्या अधिकारात कसे दूर होऊ शकतात, याचा विचार आपल्यापुढे आणि सर्व वाचकांपुढे मांडणे हा या पत्राचा हेतू आहे.

पोटगी या शब्दाचा रूढ अर्थ पोट भरण्यापुरती रक्कम असा असला तरी कायद्याचा अर्थ त्याहून व्यापक आहे. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ या कायद्यात निर्वाह या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार या सर्वांचा समावेश आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २० नुसार अपत्याच्या पालनाची जबाबदारी वडिलांइतकीच आईवरही आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे, ते तर धर्माचा भेद न करता आणि अपत्य औरस की अनौरस हे न पाहता प्रत्येक अज्ञान मुलाला लागू होते. मुस्लिम अपत्यांचा या तरतुदीखालील हक्क अबाधित असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले. याच कलमात पूर्वी दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली, आणि तेव्हापासून रकमेला कायद्याचे छत उरले नाही. मर्यादा होती तोवर उत्पन्नाची बारकाईने चौकशी करण्याची निकड फारशी नव्हती. ती गेल्यावर ही चौकशीच न्यायनिर्णयाचा गाभा झाली.

या चौकशीला भारतीय कायद्याने ठरावीक सूत्र दिलेले नाही. पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम हा नियम आहे, अशी समजूत पक्षकारांत सर्रास आढळते. तिचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९७० च्या एका निकालात असून २०१७ च्या निकालातही त्याचा आधार घेतला गेला, परंतु दोन्ही ठिकाणी चर्चा पत्नीच्या पोटगीची होती आणि अपत्यांसाठी असा कोणताही बांधील टक्का घालून दिलेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये कुटुंबाच्या एकत्रित उत्पन्नाचे वाटे पाडण्याची पद्धत सुचवली, जिच्यात कमावणाऱ्या पतीला दोन वाटे आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येकाला एक वाटा मिळतो. टक्का कोणता घ्यावा आणि वाटे किती पाडावेत, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु ज्या रकमेचा टक्का काढावयाचा किंवा वाटे पाडावयाचे, तीच चुकली तर पुढचे सर्व गणित बिनचूक असूनही मुलावर अन्याय होतो.

या मूळ रकमेच्या निश्चितीसाठी सर्वांत महत्त्वाचा निकाल नागपूरच्या एका प्रकरणातून आला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट आहे. तेथील कुटुंब न्यायालयात २०१३ मध्ये दाखल झालेल्या अर्जावर २०१५ मध्ये अंतरिम पोटगीचा, म्हणजे मूळ अर्ज निकाली निघेपर्यंत द्यावयाच्या रकमेचा, आदेश झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो कायम केला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच प्रकरणात साऱ्या देशासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतील मुख्य तत्त्व असे की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे विहित नमुन्यातील शपथपत्र दाखल करावे, प्रतिवादीने त्यासाठी चार आठवड्यांहून अधिक काळ घेऊ नये, हेतुपुरस्सर टाळाटाळ करणाऱ्याचा बचाव काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला असावा आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी.

हे शपथपत्र नीट वाचले तर त्यामागची दूरदृष्टी ध्यानात येते. आयकर भरणाऱ्या पक्षकाराकडून त्यात तीन वेळांची विवरणपत्रे मागितलेली आहेत : विवाहापूर्वीच्या वर्षाचे, विभक्त होण्यापूर्वीच्या वर्षाचे आणि अर्ज दाखल झाला त्या वेळचे. संसार चालू असताना भरभराटीला आलेला व्यवसाय पोटगीचा अर्ज दाखल होताच अचानक तोट्यात गेल्याचे दाखवले जाते, तेव्हा ही तीन विवरणपत्रे शेजारी ठेवली की ती घसरण बाजाराची आहे की दाव्याची, हे बहुतेक वेळा स्पष्ट होते. सर्व बँक खात्यांचे तीन वर्षांचे उतारे मागण्यामागेही हाच विचार आहे, कारण विवरणपत्र वर्षातून एकदा लिहिले जाते, तर खातेउतारा रोजचे जगणे नोंदवत असतो.

पगारदार पालकाच्या बाबतीत काम तुलनेने सोपे असते, तरीही तेथे एक ठरलेली चूक होते, ती म्हणजे हातात पडणारी रक्कम हेच उत्पन्न मानण्याची. पगारातून होणारी कपात दोन प्रकारची असते : आयकर, व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधीची सक्तीची वर्गणी यांसारखी कपात कर्मचाऱ्याच्या इच्छेवर नसते, उलट पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता किंवा निर्वाह निधीतील जादा वर्गणी त्याने स्वतः स्वीकारलेली असते. उदाहरणादाखल एकूण पगार ६०,००० रुपये, निर्वाह निधीची सक्तीची वर्गणी ३,६०० आणि व्यवसाय कर २०० रुपये असेल, तर विचारात घ्यावयाचे उत्पन्न ५६,२०० रुपये होते. पण त्यातून पतसंस्थेचा १५,००० आणि विम्याचा ५,००० रुपयांचा हप्ता जाऊन हातात ३६,२०० रुपये येतात, आणि तोच आकडा न्यायालयापुढे ठेवला जातो. मुलाचा हक्क कर्जदात्याच्या मागे रांगेत उभा राहू शकत नाही, म्हणून स्वेच्छेच्या कपाती उत्पन्नातून वजा करावयाच्या नसतात. मात्र ज्या घराचा हप्ता वडील फेडतात त्याच घरात मूल राहत असेल, तर तो हप्ता मुलाच्या निवाऱ्याचाच खर्च ठरतो आणि त्याची दखल घेणे न्यायाचे असते.

व्यावसायिकाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. आयकराच्या दृष्टीने जो खर्च व्यवसायाचा म्हणून मान्य होतो, तो कुटुंबाच्या दृष्टीने पुष्कळदा राहणीमानाचा भाग असतो. गाडी, तिचे इंधन, फोन आणि प्रवास हे सारे दुकानाच्या वहीत खर्ची पडले की विवरणपत्रातील निव्वळ उत्पन्न लहान दिसते, पण मालकाचे जगणे लहान झालेले नसते. घसारा, म्हणजे यंत्र किंवा वाहन यांची दरवर्षी घटलेली किंमत, हाही हिशेबातील खर्च असला तरी त्या वर्षी ती रक्कम खिशातून गेलेली नसते. म्हणून अशा प्रकरणात विवरणपत्र हा चौकशीचा प्रारंभ मानावा लागतो, आणि वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रातील उलाढाल, भागीदारीतील उचल, क्रेडिट कार्डाचा खर्च आणि विभक्त होण्यापूर्वीची कुटुंबाची राहणी यांच्याशी त्याचा मेळ घालावा लागतो.

ग्रामीण महाराष्ट्रात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे विवरणपत्र हा मुख्य कागदच तेथे नसतो. सर्वोच्च न्यायालयाने शेतीवर अवलंबून असलेल्या पक्षकारांसाठी स्वतंत्र शपथपत्र दिले असून त्यात जमीन, तिचा प्रकार, पिके आणि पशुधन यांची माहिती भरावी लागते. तथापि त्या देशव्यापी नमुन्याला महाराष्ट्रातील कागदांची जोड मिळाल्याशिवाय तो बोलका होत नाही. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र व पीक दिसते, आठ-अ उताऱ्यावर एका खातेदाराची गावातील सर्व जमीन एकत्र दिसते आणि फेरफार नोंदीवरून जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर कधी गेली हे कळते, त्यामुळे अर्जानंतर भावाच्या नावे केलेले हक्कसोडपत्र लपत नाही. ऊस घातला असेल तर कारखान्याचे बिल बँकेत जमा होते, दूध घातले असेल तर डेअरीची ठरावीक मुदतीची बिले असतात, कांदा किंवा सोयाबीन विकले असेल तर बाजार समितीच्या आडत्याची हिशेबपट्टी असते, आणि सोसायटीचे पीककर्ज कोणत्या पिकासाठी किती क्षेत्रावर घेतले याचीही नोंद असते. सामाईक खाते असेल तर वडिलांचा हिस्सा वेगळा काढावा लागतो, आणि अवर्षण वा गारपिटीच्या एका वर्षावरून निष्कर्ष न काढता काही वर्षांची सरासरी पाहावी लागते. हे दोन्ही केले तर शेतकरी पालकावरही अन्याय होत नाही.

ज्याचे पोट हातावर आहे किंवा जो बेरोजगार असल्याचे सांगतो, त्याच्या बाबतीत न्यायालये गृहीत उत्पन्नाचा आधार घेतात. गृहीत उत्पन्न म्हणजे प्रत्यक्ष सिद्ध झालेली नव्हे, तर शिक्षण, कौशल्य, प्रकृती आणि पूर्वीचे काम पाहता ती व्यक्ती जी रक्कम कमावू शकते ती. धडधाकट माणसाने प्रसंगी अंगमेहनत करूनही पत्नी-मुलांचे पालन करावे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा मांडली, आणि कागद पुढे येत नसतील तर काही प्रमाणात अंदाज करणे अटळ आहे, हे त्याच न्यायालयाने १९९७ मध्येच मान्य केले होते. परंतु अंदाजालाही पाया लागतो. अकुशल कामगाराचे किमान वेतन हा त्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांना ठाऊक असलेला पाया आहे. त्यावर अनुभव व कौशल्य यांची भर घालून आकडा वर नेता येतो. याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे, कारण खरोखर नोकरी गेलेल्या किंवा आजारी पडलेल्या माणसावर आवाक्याबाहेरचे उत्पन्न लादले, तर थकबाकी वाढते, वसुलीचा अर्ज येतो, वॉरंट निघते, तो तुरुंगात जातो आणि मुलाच्या हाती काहीच पडत नाही.

आईचे उत्पन्नही याच काटेकोरपणे मोजले पाहिजे. आई-वडील दोघेही नोकरीत असलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये प्रत्येक मुलासाठी दरमहा ३,००० रुपये ठरवून तो भार वडील आणि आई यांच्यावर २:१ या प्रमाणात टाकला, आणि कमावत्या आईच्या बाबतीत शिक्षणाचा खर्च प्रमाणशीर वाटून घेता येतो हे २०२० च्या निकालातही आले. मात्र प्रमाण ठरवताना एक गोष्ट विसरली जाऊ नये, ती ही की मूल जिच्याजवळ राहते ती आई पैशाखेरीज वेळ आणि श्रमही देत असते, आणि त्यापायी तिची स्वतःची कमाईची संधी अनेकदा आक्रसलेली असते.

या सर्व प्रकारांकडे एकत्र पाहिले की सध्याच्या व्यवस्थेतील मूळ विषमता उघड होते. ज्या वडिलांचे उत्पन्न पगारपत्रकावर उमटते त्यांच्या मुलाला पूर्ण उत्पन्नाच्या हिशेबाने पोटगी मिळते, आणि ज्यांचे उत्पन्न रोखीत, सामाईक खात्यात किंवा भावाच्या नावाने असते त्यांच्या मुलाला कागदापुरतीच मिळते. दोन मुले एकाच शाळेत एकाच बाकावर बसत असतील, दोघांच्या वडिलांची ऐपत सारखी असेल, तरी कारकुनाच्या मुलाला व्यापाऱ्याच्या मुलाहून अधिक पोटगी मिळू शकते. कायद्याने मुलाचा हक्क वडिलांच्या ऐपतीशी जोडलेला आहे. व्यवहारात तो वडिलांच्या कागदांशी जोडला गेला आहे.

अन्य देशांनी यावर सूत्राचा मार्ग काढला. ब्रिटनमध्ये बाल-निर्वाहाची रक्कम ठरवणारी सरकारी यंत्रणा कर खात्याकडून पालकाचे करपूर्व उत्पन्न थेट घेते आणि मूलभूत दराने एका मुलासाठी १२, दोघांसाठी १६ आणि तीन वा अधिक मुलांसाठी १९ टक्के रक्कम ठरवते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका मुलासाठी १७ आणि दोघांसाठी २५ टक्के हा प्रमाणदर आहे. सूत्रामुळे एकसारखेपणा येतो हे खरे. परंतु ही सूत्रे ज्या समाजांत उभी राहिली तेथे बहुतेक कमावत्या व्यक्तींचे उत्पन्न कर खात्याला ठाऊक असते. जेथे शेती करमुक्त आहे आणि रोजगाराचा मोठा भाग असंघटित आहे, तेथे उत्पन्न शोधल्याशिवाय लावलेला टक्का हा कल्पित रकमेचा टक्का ठरेल, म्हणून महाराष्ट्रात सुधारणा सूत्रापासून नव्हे, तर उत्पन्नाच्या शोधापासून सुरू झाली पाहिजे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही, कारण अधिकार आजच न्यायालयाच्या हाती आहेत. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १४ नुसार, वाद परिणामकारकपणे सोडवण्यास उपयुक्त वाटणारा कोणताही दस्तऐवज, पुराव्याच्या कायद्यात तो बसतो की नाही हे न पाहता, कुटुंब न्यायालय स्वीकारू शकते. त्याच कायद्याच्या कलम १३ नुसार तेथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, आणि म्हणूनच वकिलावाचून उभ्या राहणाऱ्या आईच्या वतीने चौकशीचा भार न्यायालयाने उचलणे क्रमप्राप्त ठरते. जी गोष्ट एखाद्याच्याच विशेष माहितीतील असते ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, हे तत्त्व भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे, आणि स्वतःच्या उत्पन्नाइतकी माणसाच्या विशेष माहितीतील गोष्ट दुसरी नाही. पोटगीच्या वादात पतीच्या पगाराचा तपशील खासगी राहत नाही, अशी भूमिका आपल्याच न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये माहिती अधिकाराच्या संदर्भात घेतली आहे. अधिकार आहेत, निकाल आहेत, नमुने आहेत. तरीही शपथपत्राविनाच पोटगीचे निर्णय होत असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२३ मध्ये नापसंती व्यक्त करावी लागली आणि २०२० चा निकाल न्यायाधीशांच्या निदर्शनास पुन्हा आणून द्यावा लागला.

म्हणून उच्च न्यायालयाला मुख्य विनंती एकच आहे : पोटगीच्या प्रत्येक आदेशात, मग तो अंतरिम असो वा अंतिम, उत्पन्न निश्चितीचा स्वतंत्र परिच्छेद अनिवार्य करावा. पक्षकाराने सांगितलेले उत्पन्न किती, कोणते कागद पाहिले, कोणती कपात मान्य केली व कोणती नाकारली, अंदाज केला असल्यास तो कशाच्या आधारावर, आईचे उत्पन्न किती आणि मुलाच्या गरजा किती, हे त्यात क्रमाने यावे. दोन्ही बाजूंचे म्हणणे व परिस्थिती विचारात घेता अमुक रक्कम योग्य वाटते, अशा एका वाक्यात जेव्हा आकडा उतरतो, तेव्हा तो देणाऱ्याला जुलमाचा वाटतो, घेणाऱ्याला अपुरा वाटतो आणि वरिष्ठ न्यायालयाला तपासताही येत नाही. कारणे लिहिलेला आकडा पुढे परिस्थिती बदलल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली फेरबदल करतानाही उपयोगी पडतो, कारण तेव्हा नेमके काय बदलले हे जुन्या परिच्छेदाशी ताडून पाहता येते.

या विनंतीला दोन गोष्टींची जोड हवी. पहिली म्हणजे शपथपत्राचा नमुना सोप्या मराठीत आणि गोव्यासाठी कोकणीत छापून, त्यासोबत सातबारा, आठ-अ, फेरफार, ऊसबिल, दुधाचे बिल आणि हिशेबपट्टी या स्थानिक कागदांची यादी जोडावी आणि तो भरण्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मदत करावी. दुसरी म्हणजे पालकाने कागद दिले नाहीत तर मालक, बँक, कारखाना किंवा दूध संघ यांच्याकडून ते मागवण्याचा आदेश न्यायालयाने आरंभीच्या तारखांनाच स्वतःहून द्यावा, आईच्या स्वतंत्र अर्जाची वाट पाहू नये. उच्च न्यायालयाला कुटुंब न्यायालयांसाठी नियम करण्याचा अधिकार १९८४ च्या कायद्याच्या कलम २१ ने दिलेलाच आहे.

नागपूरच्या त्या प्रकरणात अर्ज २०१३ मध्ये दाखल झाला आणि अंतरिम पोटगीवरचा वाद २०२० मध्ये संपला. मुलाचे बालपण न्यायालयाच्या तारखांसाठी थांबून राहत नाही. पहिलीची फी दहावीत मिळून उपयोग नसतो. मूल न्यायालयात उलटतपासणी घेऊ शकत नाही, खातेउतारे मागवू शकत नाही, वडिलांची जमीन कोणाच्या नावावर गेली हे शोधू शकत नाही. त्याच्या वतीने हे सारे न्यायालयानेच करावयाचे असते. आपल्या अधिकारक्षेत्रातील प्रत्येक अशा मुलाच्या आदेशात त्याच्या हक्काचा आकडा कसा आला हे लिहिलेले असेल, एवढी तरतूद उच्च न्यायालयाने करावी, ही आपणास सविनय आणि आग्रहाची विनंती आहे.